दुसऱ्या राऊटरचा हिरवा दिवा

धुळ्याच्या त्या हॉस्पिटलात मी दर मंगळवारी जायचो आणि दर मंगळवारी त्यांच्या रजिस्टरमध्ये एकच वाक्य लिहायचो: सर्व ठीक. खाली सही, तारीख. असं आठ महिने लिहिलं. ते वाक्य पहिल्या आठवड्यापासूनच खोटं होतं, हे मला कळलं तेव्हा माझ्या हातात राऊटरचा प्लग होता आणि समोर तीन माणसं उभी होती. त्यातलं एक माणूस माझ्यामुळे त्याच सकाळी आयुष्यातून उठलं होतं, पण ते तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगावात कम्प्युटर विकणारी, बसवून देणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातल्या एकात मी नोकरीला होतो. वय सत्तावीस. पुण्यात सहा महिने राहून नेटवर्किंगचा कोर्स केलेला, आणि त्यामुळे डोक्यात इतकी हवा की अमळनेरला घरी गेलो तरी वडिलांशी सुद्धा अर्धं इंग्रजी बोलायचो. वडील शांतपणे विचारायचे, 'हे आम्हाला समजेल असं सांगता येतं का?' मी म्हणायचो, नाही. आज त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

हॉस्पिटल एका खासगी ट्रस्टचं. जुनी इमारत रस्त्याच्या अलीकडे, नवी पलीकडे. रक्तपेढी आणि तपासणीची लॅब जुन्या इमारतीत. अपघात विभाग, बाळंतपणाचे वॉर्ड, ऑपरेशन थिएटर नव्या इमारतीत. पूर्वी रक्ताचा रिपोर्ट कागदावर लिहून मावशी रस्ता ओलांडून न्यायच्या. मग कम्प्युटर आले. लॅबमध्ये रिपोर्ट टाइप केला की पलीकडे वॉर्डात दिसायचा. दोन इमारतींची दोन वेगळी जाळी आणि मधे राऊटर, नव्या इमारतीत वॉर्डाशेजारच्या विजेच्या पॅनेलपाशी. हा मधला डबा बंद पडला की दोन्ही इमारती एकमेकींना मुक्या होणार, म्हणून लॅबच्या डॉक्टर बाईंनी हट्ट धरला की डबे दोन हवेत. बाई हट्टाला पक्क्या होत्या. ट्रस्टने मान्य केलं आणि ते काम आमच्या दुकानाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

दोन राऊटर एकमेकांना सांभाळतात कसे, हे मी तेव्हा हॉस्पिटलात जो भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. तशी गोष्ट सोपी आहे. वॉर्डातल्या कम्प्युटरांना बाहेर जायच्या दाराचा एकच पत्ता माहीत असतो. तो पत्ता दोन राऊटरांपैकी कोणा एकाचा नसतो, दोघांचा सामाईक असतो. पहिला काम करतो, दुसरा नुसता ऐकत बसतो. पहिला दर तीन सेकंदांनी 'मी आहे' असं सांगत राहतो. दहा सेकंद त्याचा आवाज आला नाही की दुसरा समजतो की हा गेला, आणि पत्ता स्वतःकडे घेऊन कामाला लागतो. वॉर्डातल्या नर्सला कळतही नाही. मला ही व्यवस्था फार आवडायची. यात कोणाला उठून काही करावं लागत नाही, हीच तर तिची गंमत.

अडचण विजेची होती. यूपीएस घेतला होता तो फक्त सर्व्हरपुरता. राऊटरसाठी दुसरा घ्यायला ट्रस्ट तयार नव्हता. आणि खानदेशात तेव्हा वीज जायची ती सगळी मिळून क्वचितच. तीन फेजपैकी एक जायची. अर्ध्या गल्लीत पंखे फिरतायत, अर्ध्या गल्लीत माणसं ओट्यावर. ज्याच्या घरात दोन फेज असतील तो मीटरपाशी जाऊन फ्यूज इकडचा तिकडे करायचा आणि पुन्हा पंख्याखाली बसायचा. शेतात मोटारीला, घरात पंख्याला, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे फेज बदलणं हे नळ सोडण्याइतकं रोजचं काम होतं. म्हणून मी ठरवलं की पहिला राऊटर लाल फेजवर आणि दुसरा पिवळ्या फेजवर. एक फेज गेली तर एक राऊटर जाईल, दुसरा उभा राहील. यूपीएसची गरजच नाही. मालकांनी माझी पाठ थोपटली.

वायरिंग केलं नानांनी. नाना म्हणजे हॉस्पिटलचे वायरमन. साठीच्या जवळ आलेले, अंगाने काटक, खिशात कायम टेस्टर. एकोणीस वर्षं तिथे होते, पण रोजंदारीवर. दर वर्षी कायम करण्याची यादी निघायची आणि दर वर्षी काहीतरी होऊन नाना राहायचे. त्या वर्षी मात्र नक्की होतं. व्यवस्थापक साहेबांनी स्वतः त्यांचं नाव घातलं होतं, आणि मे महिन्यातल्या विश्वस्तांच्या सभेत त्यावर ठराव व्हायचा होता. कायम झाले तर पेन्शन नाही, पण फंड मिळणार होता, आणि म्हातारा-म्हातारीला दवाखाना फुकट. हे सगळं नानांनी मला पहिल्याच दिवशी शिडीवर उभं राहून सांगितलं.

डबे बघून ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, एकसारखा दोन काबर? एक बिघडना का दुसरा लाई देवाना, इतलंच ना?"

मी म्हटलं, "लावायचा नाही नाना, तो आपोआप लागतो. तुम्ही फक्त एवढं पाहा की एक फेज गेली तरी हे नेटवर्क बंद पडता कामा नये. ती जबाबदारी तुमची."

मला म्हणायचं होतं की दोघांच्या वायरी वेगळ्या राहू द्या. पण मी म्हटलं ते असं म्हटलं. नानांनी मान हलवली आणि टेस्टर खिशात ठेवला.

उद्घाटनाला अध्यक्ष आले. त्यांची तेलगिरणी होती, माणूस घाईचा. मी त्यांना पॅनेलशेजारच्या वॉर्डातल्या कम्प्युटरसमोर बसवलं, लॅबचा एक रिपोर्ट उघडला आणि पहिल्या राऊटरचा प्लग काढला. दहाएक सेकंद गेले. पुढचा रिपोर्ट उघडला. तोही आला. मी विजयी चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"काहीच नाही झालं," मी म्हणालो.

"मग दाखवलंत काय?"

सगळे हसले. मी समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात बाईंनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला, पेढे फिरले. मी पहिल्याचा प्लग पुन्हा लावला. तो उठला, त्याने आपला पत्ता परत घेतला. दुसरा पुन्हा ऐकत बसला. त्याच्या तोंडावरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. पेढा तोंडात टाकून मी चारची जळगाव गाडी पकडली.

त्यानंतरचे आठ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात फुगलेले महिने. धरणगावच्या एका जिनिंगवाल्याला, अमळनेरच्या कॉलेजला, जो ऐकेल त्याला मी धुळ्याचं उदाहरण द्यायचो. आठ महिन्यांत एकदाही बंद नाही! दर मंगळवारी जायचो, दोन्ही डब्यांचे हिरवे दिवे बघायचो, वॉर्डातल्या सिस्टरांना विचारायचो, 'काही त्रास?' त्या म्हणायच्या, 'नाही हो.' बाईंना विचारायचो. बाई म्हणायच्या, 'छान चाललंय.' मग कॅन्टीनचा चहा, रजिस्टर, सही. नाना दिसले तर 'काय नाना' म्हणायचो. ते म्हणायचे, "सगळं बेस शे भाऊ." पुढे थांबून बोलायला मला वेळ नसायचा.

मे महिन्यात नानांच्या मुलीचं लग्न होतं. धाकटी, शेवटची. मुलगा साक्रीचा, तिथे त्यांचं किराणा दुकान. नानांनी बुधवार संध्याकाळपासून सोमवारपर्यंत सुट्टी घेतली. एवढी सलग सुट्टी त्यांनी एकोणीस वर्षांत घेतली नव्हती म्हणे.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला दुकानात फोन वाजला. बाई होत्या. आवाज इतका चढलेला की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. दोन्ही इमारतींचा संपर्क तुटला होता. वॉर्डात एक बाळंतीण होती, तिला रक्त लागणार होतं. लॅबने रक्तगट टाकून ठेवला होता आणि पलीकडे तो दिसतच नव्हता. सिस्टर पडद्याकडे बघत बसल्या, पंधरा मिनिटं. शेवटी बाई स्वतः हातात कागद घेऊन रस्ता ओलांडून पळाल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण बाईंचा आवाज काही खाली येत नव्हता. "तुमचे दोन दोन डबे कशाला ठेवलेत इथे? शोभेला?"

दोन राऊटर एकाच वेळी जाणं शक्यच नव्हतं! एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचेपर्यंत अडीच तास लागले, आणि मी सगळा वेळ स्वतःशीच तेवढं एक वाक्य म्हणत होतो. पोचलो तर वीज आलेली, सगळं सुरळीत. मी थेट पॅनेल उघडलं. आणि बघतच राहिलो.

पहिल्या राऊटरच्या फ्यूजपाशी एक जादा वायर होती. माझ्या नकाशात नसलेली. तिचं टोक सोडवून फ्यूज बसवला की राऊटर लाल फेजवर, फ्यूज काढून टोक लावलं की पिवळ्यावर, अशी सोय केलेली. आणि त्या दिवशी ती लावलेली होती. म्हणजे माझे दोन्ही राऊटर एकाच पिवळ्या फेजवर होते. गुरुवारी पिवळी गेली आणि दोन्ही डबे एकदम अंधारात.

मला राग पटकन येतो. तेव्हा तर फारच यायचा. मी अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "हा उद्योग कोणाचा?" वॉर्डबॉय म्हणाला, पॅनेलला नानांशिवाय कोणी हात लावत नाही. झालं. आठ महिन्यांची माझी कीर्ती एका रोजंदारीवरच्या माणसाने वीतभर वायरने धुळीला मिळवली, असं मला वाटलं. मी व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत बसून कागद मागितला आणि अहवाल लिहिला. विद्युत कर्मचाऱ्याने कोणालाही न विचारता पॅनेलमध्ये बदल केला. त्यामुळे दोन्ही यंत्रं एकाच फेजवर आली. त्यामुळे सेवा अडीच तास बंद राहिली. रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण झाला. त्या अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. हे मी आजही सांगू शकतो, आणि सांगताना मला शरम वाटते.

व्यवस्थापक साहेब भला माणूस. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला. "मंगळवारी अकराला सभा आहे. नानांचं कायम करण्याचं त्याच सभेत आहे. हा कागद सभेनंतर फाईलला लावला तर चालेल का? लग्नघर आहे हो त्यांचं."

मी म्हणालो, "साहेब, उद्या कोणी दगावलं तर मी जबाबदार नाही. कागद आजच्या तारखेला फाईलला लागला पाहिजे." मला दुकानाच्या मालकांना उत्तर द्यायचं होतं. माझी चूक नाही हे मला कागदावर हवं होतं, आणि तेही लगेच. साहेबांनी कागद फाईलला लावला.

मंगळवारी मी नेहमीच्या गाडीने गेलो. नाना सकाळीच कामावर आले होते. हातात पिशवी, पिशवीत लग्नातली बुंदी. लॅबमध्ये, वॉर्डात, कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वाटून झाली होती. माझ्या अहवालावरून निघालेला मेमो त्यांना दारातच मिळाला होता. मला बघून ते उठले, पण नेहमीसारखं 'भाऊ' म्हणाले नाहीत. बुंदीची एक पुडी त्यांनी टेबलावर ठेवली. माझ्यासाठी होती. मी ती उचलली नाही.

बाईंना खात्री करून घ्यायची होती. त्या म्हणाल्या, "आता वायरी तुमच्या मनासारख्या आहेत ना? मग मला पुन्हा दाखवा. आणि नानांनाही उभं करा, त्यांना कळू दे काय बिघडवलं ते." मला तर हेच हवं होतं. मी गुरुवारीच ती जादा वायर मोकळी करून पहिला राऊटर लालवर आणला होता, आणि योगायोगाने तेव्हापासून लाल फेज एकदाही गेली नव्हती. बाई, व्यवस्थापक साहेब आणि नाना, असे तिघे माझ्यासमोर उभे. बारा वाजत आले होते. मी नानांकडे बघत म्हणालो, "आता बघा. कोणी हात लावला नाही तर हे कसं चालतं."

आणि पहिल्याचा प्लग ओढला.

दहा सेकंद गेले. बाईंनी वॉर्डातल्या कम्प्युटरवर पुढचा रिपोर्ट उघडायला की दाबली. पडदा तसाच. वीस सेकंद. मी म्हटलं, येईल. तीस. दुसऱ्या राऊटरचा हिरवा दिवा जळत होता, अगदी रोजच्यासारखा. एक मिनिट झालं. दुसऱ्या वॉर्डातून फोन वाजला: अडकलंय. मी त्या दिव्याकडे बघत उभा होतो आणि मला काय करायचं ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात नाना हलले. कोणी सांगितलं नाही, कोणाकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते सवयीने पॅनेलकडे गेले, वरचे तीन दिवे पाहिले: लाल, पिवळा, निळा, तिन्ही जळत होते. मग मागे वळले, माझ्या हातातला प्लग घेतला आणि भिंतीत खोचला.

"फेज तं शे," ते बाईंना म्हणाले. "दोन-तीन मिनिट थांबा बाई. डब्बा उठाले टाइम लागस."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"दर खेपेलेच लागस ना. लाल फेज गयी का बठ्ठं अडकी जास. मंग मी पयत येस, वायर लाई देस, डब्बा पिवळीवर करस. दोन-तीन मिनिटमा वॉर्डना कम्प्युटर चालू व्हस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच तं सांगेल व्हतं, एक फेज गयी तरी बंद पडाले नही पाहिजे म्हनीसन. जबाबदारी तुमनी शे, अशे बोलनात तुम्ही."

"किती वेळा केलंत असं?" व्यवस्थापक साहेबांनी विचारलं.

"आते काय मोजेल शे का साहेब? हप्तामा दोन डाव, कधी तीन डाव. ती वायर मी मन्हा पैसासनी आणेल शे, स्टोअरमा नव्हती. बुधवारे मी निंघनू तवय लाल फेज नव्हती, म्हनीसन वायर पिवळीवरच राहनी."

मी दुसऱ्या राऊटरला केबल जोडली आणि कम्प्युटरवर त्याला उघडलं. मी दोन्ही राऊटरांना नावं दिली होती, पहिला आणि दुसरा. पडद्यावर 'दुसरा' असं यायला हवं होतं. तिथे नुसतं 'राऊटर' आलं. कारखान्यातून निघतं तसं, कोरं. सामाईक पत्ता नाही, ऐकणं नाही, काहीच नाही. आत वीज होती म्हणून दिवा जळत होता, एवढंच.

काय झालं होतं हे मला त्याच क्षणी कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं. राऊटरला शिकवलेलं त्याच्या लक्षात राहावं म्हणून शेवटी एक आज्ञा द्यावी लागते, सेव्ह करण्याची. ती दिली नाही तर वीज आहे तोवर सगळं चालतं, आणि वीज गेली की तो सगळं विसरतो. पहिल्याला मी ती दिली होती. दुसऱ्याला देणार होतो, उद्घाटनानंतर. मग नारळ, पेढे, चारची गाडी. उद्घाटनाला मी पहिल्याचा प्लग काढला होता, दुसऱ्याचा काढून पाहिलाच नव्हता. त्या आठवड्यात केव्हातरी पिवळी फेज गेली असणार. दुसरा राऊटर तेव्हाच कोरा झाला. माझी सगळी भाषणं, धरणगावचा जिनिंगवाला, अमळनेरचं कॉलेज, चौतीस-पस्तीस मंगळवारांचं 'सर्व ठीक', आणि इकडे लाल फेज जाईल तेव्हा एक म्हातारा माणूस जेवणाच्या ताटावरून उठून पळत होता. दोन राऊटर नव्हतेच तिथे. एक राऊटर होता आणि नाना होते. ते लग्नाला गेले आणि दोन्ही इमारती मुक्या झाल्या.

सिस्टरांना मी मग विचारलं, दोन-तीन मिनिटं अडकायचं तर मला का नाही सांगितलं? एक जण म्हणाली, "फेज गेल्यावर सगळंच अडकतं सर, त्यात काय सांगायचं? नाना करतात ना."

बाईंनी मला सरळ विचारलं, "म्हणजे हा दुसरा कधी चाललाच नाही?"

खोटं बोलायला जागा होती, आणि ते मला त्या घटकेला नीट दिसत होतं. त्या कोऱ्या पडद्याचा अर्थ तिथे माझ्याशिवाय कोणाला लागत नव्हता. गुरुवारच्या झटक्याने खराब झाला असेल म्हणालो असतो तर तिघांनीही मानलं असतं. पण नाना माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, डब्याचं काय झालं हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "नाही चालला. माझी चूक आहे. मी सेव्ह करायला विसरलो. नानांनी वायर टाकली नसती तर हे आठ महिन्यांत सत्तर-ऐंशी वेळा तासन्‌तास बंद पडलं असतं."

व्यवस्थापक साहेब टेलिफोनकडे गेले. अध्यक्षांच्या गिरणीवर फोन लावला. सभा तिथेच होती. मी घड्याळ पाहिलं, साडेबारा. ते बराच वेळ ऐकत राहिले, मधे दोनदा 'पण साहेब' म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला.

"ठराव झाला. नानांचं नाव वगळलं. अहवाल वाचूनच वगळलं."

"मी दुसरा लिहून देतो," मी म्हणालो. "आत्ता देतो."

"द्या. मी लावतो फाईलला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पण पुढची सभा आता दिवाळीनंतर. कायम करायला वयाची अट आहे. ऑगस्टमध्ये नाना त्या अटीबाहेर जातात. म्हणून तर मी या सभेला घातलं होतं."

मी दुसरा अहवाल लिहिला. सगळी चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. मग दुसऱ्या राऊटरला पुन्हा सगळं शिकवलं, सेव्ह केलं, दोन्हींचे प्लग आळीपाळीने काढून पाहिले. सगळं चाललं. दहा सेकंदांत, आपोआप. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नाना पॅनेलपाशी स्टुलावर बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "नाना, मला कल्पना नव्हती."

"आठ महिना व्हयनात," ते म्हणाले. "दर मंगळवारे येतस तुम्ही. एक डाव तरी इचारं का माले, नाना तुम्ही काय करतस म्हनीसन?"

पुढचं बोलताना त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं नाही. "लगीनमा व्याहीसले सांगी बसनू मी. पोरीना बाप कायम व्हई ऱ्हायना, आते फिकीर नही. बठ्ठा पाव्हनासमोर सांगं. आते त्यासले काय सांगू? मी सांगसू तं म्हनतीन, कामचुकार व्हता, म्हनीसन काढं. तू चाल मन्हासंगे साक्रीले. साडेचारनी गाडी शे. तूच सांग त्यासले, चूक कोनी शे ते."

मी म्हणालो, "येतो."

खरंच जायचं होतं मला. व्यवस्थापक साहेबांना सांगितलं, रजिस्टरमध्ये त्या दिवशी काहीच न लिहिता निघालो. नाना पुढे गेले होते, जागा धरायला. स्टँडवर पोचलो तेव्हा साक्रीची गाडी फलाटाला लागलेली. दुपारची वेळ, लग्नसराई, खिडक्यांतून माणसं पिशव्या टाकत होती. मी खांबाआडून पाहिलं. तिसऱ्या खिडकीत नाना बसले होते, लग्नातली कोरी टोपी घालून. शेजारच्या सीटवर त्यांनी आपला टॉवेल अंथरला होता. एक बाई दोन पोरं घेऊन तिथे बसायला आली. नाना तिला हाताने 'नाही' म्हणाले, कोणीतरी येतंय असं दाराकडे दाखवलं. मग स्वतःही दाराकडे बघत राहिले.

पलीकडच्या फलाटावर जळगावची गाडी उभी होती. साक्रीत काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं: ओट्यावर सतरंजी, व्याही, त्यांचे भाऊ, पाण्याचा तांब्या, घरात नवी नवरी, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. हॉस्पिटलच्या बंद खोलीत चूक कबूल करणं मला जमलं होतं. ते नाही जमलं.

मी जळगावच्या गाडीत चढलो आणि मागच्या बाजूला, खिडकी नसलेल्या जागेवर बसलो. आमची गाडी आधी सुटली.